चुकलेलं पुन्हा मागवायचं की!

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. पाठवलेल्या माहितीत वाटेत झालेल्या चुका दुरुस्त करणारे संकेत (कोड) हा माझा विषय आहे म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: चुकलेलं पुन्हा मागवायचं, त्याला एवढं बीजगणित कशाला?

मागवता येतं तिथे मागवावंच. पण जानेवारी १९८६ मध्ये व्हॉयेजर २ हे अंतराळयान युरेनसजवळून जात होतं, तेव्हा त्याचा संदेश पृथ्वीवर पोचायला पावणेतीन तास लागत. ‘पुन्हा पाठव’ सांगायला आणखी तेवढेच. आणि भाजीच्या गाडीवरचा चरे पडलेला क्यूआर? त्या कागदाला कोण विचारणार?

दोन्हीकडे युक्ती एकच, अर्विंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन यांनी १९६० मध्ये मांडलेली. समजा २ आणि ३ पाठवायचे आहेत. २ + ३क्ष ही रेषा घ्या, क्षच्या जागी ० ते ४ घाला आणि येणाऱ्या पाच किमती पाठवा: २, ५, ८, ११, १४. वाटेत ८ चा ९ झाला. आलेखावर मांडलं, तर उरलेले चार बिंदू अजूनही एका रेषेत आहेत. दुसरी कुठलीही रेषा काढा, ती पाचांपैकी दोनाहून जास्त बिंदूंतून जाणारच नाही. चूक कुठे झाली आणि मुळात काय होतं, दोन्ही कळलं.

व्हॉयेजरवर रेषेऐवजी २२३ सहगुणकांची बहुपदी आणि २५५ किमती. अशा दोन बहुपदी फार तर २२२ जागी जुळतात (जुळणारी प्रत्येक जागा म्हणजे त्यांच्या वजाबाकीचं मूळ), निदान ३३ जागी वेगळ्या पडतात. म्हणून कुठल्याही १६ किमती, म्हणजे ३३ च्या निम्म्याहून कमी, बिघडल्या तरी मूळ बहुपदीच सर्वांत जवळची राहते आणि सापडते. शाळेतलं ‘समीकरणाला घातांकापेक्षा जास्त मुळं नसतात’ हे विधान इतकं काम करतं, याचं मला आजही अप्रूप वाटतं. संख्या मात्र नेहमीच्या नाहीत. २५६ घटकांच्या सांत क्षेत्रात, म्हणजे बेरीज-गुणाकाराचं उत्तर त्याच २५६ मध्ये राहील अशा व्यवस्थेत, आकडेमोड होते, म्हणून प्रत्येक उत्तर एका बाइटात, म्हणजे आठ बिटांत मावतं.

संकेत रचताना आधी चुकांचा स्वभाव पाहावा लागतो. चरा सलग बिट खातो. एका बाइटातले आठही गेले तरी चूक एकच. पण इथे एक बिट, तिथे एक बिट असं बिघडत असेल, तर प्रत्येकापायी अख्खा बाइट दुरुस्त करणं महाग पडतं. तिथे सुटे बिट दुरुस्त करणारे बीसीएच संकेत बरे; हे नाव शोधकांच्या आद्याक्षरांवरून पडलंय. त्यातले ‘बी’ म्हणजे गणितज्ञ राजचंद्र बोस. त्यांच्यासोबत १९५९ मध्ये संकेतरचनेवर शोधनिबंध लिहिणारे शरदचंद्र श्रीखंडे पुढे मुंबई विद्यापीठात गणिताचे विभागप्रमुख झाले. पेनड्राइव्हमध्ये असते तशा फ्लॅश मेमरीत बीसीएच बरीच वर्षं वापरले गेले, कारण तिथले बिट असेच सुटेसुटे बिघडतात.