मायकल परत आला कसा?

शनिवार, रात्र

आज ‘द गॉडफादर’ हा न्यूयॉर्कमधील कोर्लिओने या माफिया घराण्यावरचा चित्रपट पुन्हा पाहिला, आणि या खेपेस केवळ कथानकाचे दुवे तपासत पाहिला. या १९७२ सालच्या चित्रपटातील अशक्य गोष्टींचा विषय निघाला की बहुतेकांचे बोट आधी घोड्याच्या मुंडक्यावर जाते. निर्माता वोल्ट्झ झोपलेला असताना एवढे जड, रक्ताने माखलेले मुंडके त्याच्या अंथरुणात ठेवले जाते आणि त्याची झोप मोडत नाही, हे पटण्यासारखे नाहीच. परंतु मला ती कथानकातली फट वाटत नाही. ते काम कोणी आणि कसे केले, यावर पुढचे काहीच अवलंबून नाही. धाक बसला आणि घराण्याचा प्रमुख डॉन कोर्लिओने याचा धर्मपुत्र, गायक जॉनी फाँटेन याला वोल्ट्झच्या चित्रपटात भूमिका मिळाली, एवढेच कथेला हवे होते.

डॉनचा धाकटा मुलगा मायकल ब्राँक्समधील उपाहारगृहात सोलॉत्सो हा शत्रू आणि त्याला सामील असलेला पोलीस कॅप्टन मॅकक्लस्की यांना गोळ्या घालतो, तो प्रसंग मात्र तपासावा तेवढा पक्का ठरतो. भेटीची जागा सोलॉत्सोने ठरवलेली आणि शेवटपर्यंत गुप्त ठेवलेली. मग पिस्तूल तेथे आधी पोहोचले कसे? तर कॅप्टन मॅकक्लस्की आपण कोठे सापडू हे ठाण्यात सांगून निघाला होता आणि ती बातमी ठाण्यातल्याच माणसाने फोडली. शौचालयात साखळी ओढायची जुन्या पद्धतीची टाकी आहे, हे डॉनच्या टेसियो या सरदाराला ठाऊक असते. क्लेमेंझा हा दुसरा सरदार तर पिस्तुलाच्या मुठीला आणि चापाला ठसे न उमटणारी पट्टी गुंडाळतो, आवाज मुद्दाम मोठा ठेवला असल्याचे सांगतो (बघ्यांनी घाबरून लांब पळावे म्हणून), आणि काम झाल्यावर हात खाली सोडून पिस्तूल हळूच गळू द्यायचे, हेही शिकवतो. इतका बारीकसारीक तपशील डोळ्यांसमोर घडल्यावर शंका घ्यायला जागा उरत नाही.

मायकलचा थोरला भाऊ सनी याच्या खुनाचा कट मला पूर्वी ओढूनताणून जुळवलेला वाटे, पण तोही टिकतो. बहीण कॉनीला मारहाण झाली की सनी कोणाचे न ऐकता एकटाच धावत सुटणार, हे तिचा नवरा कार्लो याने सनीच्या हातून भर रस्त्यात मार खाऊन आधीच अनुभवले होते. आणि टोलनाक्यावर गाडी थांबवावीच लागते. सुटे पैसे खाली पाडून वाकणारा नाक्यावरचा माणूस दिसला की कट किती आधी शिजला होता ते कळते.

खरी फट तिसरीकडेच आहे, आणि तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. मायकलने पोलीस कॅप्टनला गिऱ्हाइके आणि वेटर यांच्यादेखत गोळ्या घातल्या. त्याच कॅप्टनने थोड्याच दिवसांपूर्वी रुग्णालयाबाहेर त्याचा जबडा फोडला होता, म्हणजे हेतूही उघड. असा माणूस सिसिलीत लपून राहून परततो, त्याची प्रेयसी के शिकवत असलेल्या शाळेबाहेर सुटाबुटात तिची वाट पाहतो आणि पुढे राजरोस कारभार पाहू लागतो! पाच माफिया घराण्यांच्या बैठकीत डॉन म्हणतो की मुलावरचे खोटे आरोप दूर करून त्याला सुखरूप आणण्याची तजवीज मला करायची आहे. ती तजवीज कोणती, हे चित्रपट सांगतच नाही.

मारियो पुझो यांच्या १९६९ च्या कादंबरीत उत्तर आहे. बोकिकियो घराण्यातील एक तरुण दुसऱ्याच गुन्ह्यासाठी मृत्युदंडाची वाट पाहत असतो. कुटुंबाची सोय लावून देण्याच्या बदल्यात तो हे दोन्ही खून आपल्या माथी घेतो. पावणेतीन तासांहून लांब चित्रपटात हे उपकथानक बसले नसते, हे मान्य. पण घराण्याचा वकील हेगन याच्या तोंडी एखादे वाक्य सहज घालता आले असते. हाच हेगन केचे मायकलसाठी आणलेले पत्र घेत नाही, कारण ते घेतल्यास मायकलचा ठावठिकाणा आपल्याला ठाऊक असल्याचा अर्थ न्यायालय काढेल. कायद्याची इतकी काळजी दाखवून पुढे तोच कायदा गुंडाळून ठेवला, हे मला खटकते.

गंमत अशी की १९७४ च्या दुसऱ्या भागात सिनेटच्या चौकशी समितीपुढे मायकलला या खुनांविषयी थेट विचारले जाते. तो शपथेवर नाकारतो, आणि समिती पुढच्या प्रश्नाकडे वळते.