रोजच्या टॉपचा मुंढा

शनिवार, रात्री

गडद हिरव्या होजिअरीचा, म्हणजे टी-शर्टच्या ताणणाऱ्या कापडाचा, टॉप आज पुरा झाला. खालची दुमड तेवढी राहिली होती. ती जोडसुईनं, म्हणजे दोन टोकांच्या सुईनं, मारली, दोरे कापले आणि लगेच अंगात घातला. आरशात नंतर बघितलं. आधी खिडकीचा वरचा गज दोन्ही हातांनी धरला, गाडीत कडी धरते तसा. टॉप कमरेवरून जागचा हलला नाही. मी हरखून गेले.

डोंबिवली ते दादर उभ्यानं जाणाऱ्या बाईला हे वेगळं सांगायला नको. एक हात कडीला, दुसऱ्या हातात पर्स, आणि टॉप वर चढलेला. तो खाली ओढायला तिसरा हात आणायचा कुठून? बरीच वर्षं मला वाटायचं की लांबी कमी पडते. म्हणून लांब टॉप घेतले, तर तेही चढायचे. शिवायला लागल्यावर कळलं की प्रश्न लांबीचा नाही, मुंढ्याचा आहे, म्हणजे बाही जिथं अंगाला जोडतात त्या गोलाचा. तयार कपड्यात मुंढा खोल ठेवतात, म्हणजे एकाच मापात बारीक, जाड, रुंद खांद्याच्या अशा सगळ्या बायका मावतात. पण मुंढा काखेपासून जितका खाली, तितकं हात उचलताना बाहीबरोबर अख्खं अंग वर ओढलं जातं. मुंढा काखेच्या जवळ आणला आणि बाहीची वरची गोलाई थोडी बसकी ठेवली की हात मोकळा उचलतो नि कपडा जागेवर राहतो. मागावरच्या ताठ कापडात एवढा वर मुंढा घेतला तर तो काचतो. होजिअरी ताण देते, म्हणून तिच्यात हे जमून जातं.

साडीवरचा ब्लाऊज आपण किती निगुतीनं शिवून घेतो! माप द्यायला जायचं, टक्स कुठं, गळा किती खोल, बाही कोपराच्या वर की खाली, पुन्हा घालून बघायचा, अर्धा इंच सैल करून घ्यायचा. तो ब्लाऊज वर्षातून चार-दोनदा अंगावर येतो. आणि जो टॉप सकाळी सातपासून रात्री आठपर्यंत घाम पुसत आपल्याबरोबर असतो, तो ढिगातून एम की एल एवढं बघून उचलायचा. मला हे पटत नाही. रोजच्या कपड्यालाच नीट माप हवं.

टेलरकडेही सोय नाही. आमच्या गल्लीतले काका ब्लाऊज अप्रतिम शिवतात, पण होजिअरी म्हटली की हात जोडतात. त्यांचं बरोबर आहे. साध्या टोकदार सुईनं या कापडात टाके सुटतात, आणि सरळ टीप ताण पडला की तटकन तुटते, कारण त्या टिपेत लांबायला जादा दोराच नसतो. गोल टोकाची बॉलपॉइंट सुई, 11 नंबरची, घेतली की ती धागा न फोडता विणीच्या फासांच्या मधून वाट काढते. टीप अगदी अरुंद झिगझॅग ठेवायची आणि कापड दाबून धरणाऱ्या दाबपट्टीचा दाब हलका करायचा. घरच्या झिगझॅग मशीनवर एवढ्यात काम होतं. कडा गुंफणारं ओव्हरलॉक मशीन असेल तर कडा सुबक दिसते, पण त्या मशीनसाठी थांबू नये असं माझं ठाम मत आहे. होजिअरीची कड मुळात उसवत नाही.

हे कापड समजलं ते आईच्या स्वेटरमुळे. टी-शर्टचं कापड भिंगाखाली धरलं तर पुढून सगळे सुलट टाके दिसतात, मागून सगळे उलट. आई दोन सुयांवर विणायची तीच वीण, फक्त यंत्रावर, केसासारख्या बारीक धाग्याची. ताणा-बाणा नाही, फासात फास अडकवलेला. म्हणून ते आडवं ताणतं आणि कापलं की कडेला गुंडाळतं. म्हणूनच ते आटतंही, जास्त करून लांबीत, कारण गिरणीत ओढून धरलेले फास पाणी लागलं की सैलावून मूळ आकारात येतात. बेतायच्या आधी कापड धुवायचंच, आणि वाळवताना दोरीवर लोंबकळत न ठेवता आडवं पसरायचं.

कापड मी उल्हासनगरला गजानन मार्केटमधून आणते. बरंचसं तिरुपूरकडचं असतं आणि किलोवर मिळतं. 180 जीएसएमचं, म्हणजे चौरस मीटरला 180 ग्रॅम वजनाचं, 60 इंच पन्ह्याचं कापड असेल तर किलोत साडेतीन मीटरच्या थोडं वर भरतं. माझे पाऊण बाहीचे तीन टॉप त्यात बसतात. याहून पातळ कापडातून आतलं दिसतं, आणि 220च्या पुढचं मे महिन्यात घालवत नाही.

सगळ्यात जास्त जीव रमतो तो गळ्यात. हिरव्याचा गळा शिवणीच्या रेषेवर 23 इंच भरला. रिबची, म्हणजे उभ्या रेघांच्या जास्त ताणणाऱ्या विणीची, पट्टी त्याच्या 85 टक्के, म्हणजे साडेएकोणीस इंच, वर शिवणीची माया. पट्टी जोडून गोल केली, उभी दुमडली, तिचे चार भाग केले, गळ्याचेही चार, आणि खुणेला खूण लावून टाचण्या मारल्या. मग टीप मारताना फक्त पट्टी ताणायची, गळ्याला हातही लावायचा नाही. गळा ताणला की तो लाटांसारखा उभा राहतो. शिवण झाली तेव्हा पट्टी कॉलरच्या हाडापासून सुटलेली दिसत होती. वाफेची इस्त्री टेकवून उचलली, न फिरवता, आणि ती सपाट बसली. खांद्याच्या शिवणीत त्याच कापडाची उभी चिंधी घातलीय, कारण टॉपचा सगळा भार तिथं येतो आणि नुसता खांदा काही महिन्यांत ओघळतो.

रविवार, दुपार

सासूबाईंनी हिरवा टॉप हातात घेऊन उलटा-सुलटा केला, शिवण ताणून बघितली. म्हणाल्या, "मला असा शिवशील का गं? पण डोक्यातून घालायचा नको."

त्यांचा उजवा खांदा आखडलाय. हात छातीच्या वर जात नाही, गाऊन घालतानाही तोंड कसनुसं होतं. त्यांच्यासाठी मुंढ्याचं गणित उलटं करावं लागेल. वर उचलायचा प्रश्नच नाही, बाही सहज चढली पाहिजे. म्हणून मुंढा खोल, दंड सैल, आणि पुढून पूर्ण उघडा. काज-बटणं नकोत, बोटांनाही त्रास होतो. टिच बटणं लावीन, पण होजिअरीवर ती नुसती लावली तर ओढून ओढून भोक पडतं. पट्टीच्या आतून इस्त्रीनं चिकटणारी पातळ कॅनव्हास घालायची. ती ताणत नाही, त्यामुळे पुढची उघडीही सरळ राहील.

"आई, आधी उजवी बाही घालायची आणि काढताना ती शेवटी काढायची," असं म्हटलं तर म्हणाल्या, "ते मला फिजिओवाल्या मुलीनं शिकवलंय. तू माप घे."

घेतलं. उजवा खांदा डाव्यापेक्षा पाऊण इंच वर आहे. दुकानातला कुठलाच कपडा हे धरून शिवलेला नसणार. खांद्याचे दोन वेगळे नमुने ब्राऊन पेपरवर काढून ठेवले आहेत. निळं कापड संध्याकाळी धुते. उद्यापर्यंत वाळलं तर ऑफिसातून आल्यावर बेतून टाकीन.