वारुळापासून सागवानापर्यंत: आमची वाटचाल

आमचं घर सुताराचं. नागभीडजवळच्या गावात बाबा बंड्या, वखर, डवरे करायचे. ट्रॅक्टर आले तशी ती कामं आटली, म्हणून मी कर्ज काढून सीएनसी राउटर, म्हणजे संगणकाच्या हुकमाने लाकूड कोरणारं मशीन, आणला. तीन-चार वर्षं दारांवर मोर आणि गणपती कोरले. पोट भरत होतं, पण त्याच डिझाइनच्या फाइली प्रत्येक दुकानात होत्या.

2021च्या फेब्रुवारीत ब्लेंडर या थ्रीडी मॉडेल करायच्या सॉफ्टवेअरमध्ये जॉमेट्री नोड्स आले, म्हणजे आकडे आणि नियम जोडून आकार घडवायची सोय. सॉफ्टवेअर फुकट, म्हणून मी आणि बायको रात्री शिकायला बसलो. पहिलं मॉडेल केलं बांधावरच्या वारुळाचं. सुरुवात साध्या सहा बाजूंच्या ठोकळ्याने. कॅटमुल आणि क्लार्क यांनी 1978मध्ये मांडलेल्या पद्धतीने प्रत्येक बाजूचे चार तुकडे होतात: 6चे 24, मग 96, मग 384. दर खेपेला कडा पावसात झिजलेल्या मातीसारख्या गोल होत जातात. उंची, पीळ, भोकं, भिंतीची जाडी, सगळं आकड्यांत. एक स्लायडर, म्हणजे आकडा कमीजास्त करायची पट्टी, सरकवला की अख्खं वारूळ नव्याने उभं राहतं. त्या रात्री आम्ही झोपलोच नाही.

बाबांनी स्क्रीनकडे बघून एवढंच विचारलं, "पोरा, लाकडाले हे कसं समजन?"

त्याचं उत्तर पहिल्याच ऑर्डरीत मिळालं. ताडोब्याच्या बाजूच्या एका रिसॉर्टसाठी चार फुटी सागवानी वारूळ भिंतीवर लावायचं होतं. स्क्रीनवर देखणं दिसत होतं. पण भोकांमधल्या भिंती काही ठिकाणी तीनच मिलिमीटर उरल्या होत्या, आणि जिथे त्या लाकडाच्या रेषांना आडव्या होत्या तिथे मशीनचं बिट, म्हणजे कोरायचं पातं, लागताच तुकडे उडाले. दोन दिवसांचं कोरीवकाम आणि चांगली फळी गेली. बाबांनी तुटका तुकडा हातात घेतला, नखाने रेष दाखवली. सागवान रेषेच्या दिशेने ताण सोसतं, आडवं पातळ केलं की मोडतं. हे त्यांना जन्मापासून ठाऊक होतं. माझ्या मेशला, म्हणजे स्क्रीनवरच्या आकाराला, कुणी सांगितलंच नव्हतं.

आता लाकडाच्या अटी आधी, आकार नंतर. रेषेच्या दिशेने भिंत 8 मिलिमीटरपेक्षा पातळ होत नाही, आडवी असेल तर 12. आकारातले अरुंद, मानेसारखे भाग मॉडेल आपोआप रेषेकडे वळवतं. आमचं 6 मिलिमीटरचं गोल टोकाचं बिट 3 मिलिमीटरपेक्षा कमी त्रिज्येच्या खोबणीत शिरतच नाही, म्हणून तेवढी गोलाई आधीच धरलेली असते. मशीन वरूनच खाली कोरतं, म्हणून आत वळलेल्या पोकळ्या दोन भागांत कोरून जोडतो. वीज गेली की काम तिथेच थांबतं. कुठवर आलो ते वहीत लिहून ठेवतो. शेवटचा हात पॉलिश पेपरचाच.

रिसॉर्टचं वारूळ आम्ही स्वखर्चाने पुन्हा केलं.

आज आम्ही चौघं आहोत. नवी फळी आली की बाबा तिला पाणी लावून उजेडात धरतात आणि खडूने रेषेच्या दिशेचा बाण ओढतात. त्या बाणाचा कोन आमचा पहिला स्लायडर.