जंगलवाटेसाठी जुनी जिप्सी कशी पारखली: माझा अनुभव

दाजीपूरचं रान कोल्हापूर संस्थानाचं शिकारीचं राखीव जंगल होतं. १९५८ मध्ये तिथे गव्यांसाठी अभयारण्य झालं आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा विषयच संपला. जुन्या गाड्यांच्या बाजारात मात्र "शिकारीची जीप आहे, घ्या" असं आजही सांगतात. टप कापलेला, वर सर्चलाइटचा स्टँड, मागे उभं राहायला पाइप. अशा गाडीपासून मी लांबच राहिलो. वन्यजीव गुन्ह्यात वापरलेली आणि जप्त झालेली गाडी कलम ३९ प्रमाणे सरकारची मालमत्ता होते. त्यामुळे टपावर दिव्याच्या वायरींची भोकं दिसली की आधी गाडीवर वनखात्याचा गुन्हा आहे का, हे विचारायचं. उत्तर गुळमुळीत आलं तर पुढचं काही बघायचं नाही.

मला गाडी हवी होती ती जंगलात फिरायला, पाणवठ्यावर बसायला आणि गगनबावडा, आंबा, दाजीपूर भागातल्या कच्च्या वाटांसाठी. चार माणसं, वीस लिटर पाणी, तंबू, अवजारं धरली तर ओझं चारशे किलोच्या आत राहतं. तेव्हा मोठ्या इंजिनाची गरज नव्हती. आपल्या वाटांवर दोनच गोष्टी नडतात, गाडीची रुंदी आणि वजन. मारुतीची जिप्सी १५४० मिलिमीटर रुंद, मारुतीचीच जिमनी १६४५ आणि २०२० नंतरची महिंद्रा थार १८२०. जिप्सी आणि थारमध्ये जवळपास एक फुटाचा फरक पडतो, आणि करवंदीच्या जाळ्यांमधून किंवा दोन बांधांमधून जाताना तो फूटच कामाला येतो. वजनाचंही तसंच. जिप्सी साधारण टनभर, जिमनी बाराशे किलोच्या आसपास, थार आणि फोर्सची गुरखा त्याहून पुष्कळ जड. लाल मातीच्या चिखलात हलकी गाडी रुतली तर चार माणसं ढकलून काढतात. जड गाडीला ट्रॅक्टर शोधावा लागतो, आणि जंगलाच्या कडेला संध्याकाळी ट्रॅक्टर मिळत नाही.

डिफरेन्शियल म्हणजे वळताना दोन बाजूंच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग; लॉक लावला की दोन्ही चाकं सारखीच फिरतात. गुरखाला पुढे-मागे दोन्हीकडे डिफरेन्शियल लॉक आहे, २०१५ नंतरच्या जुन्या थारला मागच्या एक्सलला आपोआप लागणारा लॉक आहे. दोन्ही गाड्या दमदार. रोज डोंगरातल्या शेतावर माल न्यायचा असेल तर मी त्याच सांगेन. माझ्या कामाला जिप्सी पुरली. पेट्रोल इंजिन असल्याने गाडी थांबवून उभं राहिलं तर आवाजही कमी.

आता पारखण्याबद्दल. जुन्या जिप्सीत सगळ्यात आधी चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा बघायचा, इंजिन शेवटी. इंजिन कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपात उतरवून नवं करता येतं, बोअर होतं, हेड फेस होतं, सुटे भाग मिळतात. गंजलेली चासी तोडून-जोडून पहिल्यासारखी होत नाही. वेल्डिंगच्या टाक्याशेजारीच पुन्हा चीर जाते, कारण आजूबाजूचा पत्रा आतून पातळ झालेला असतो. गगनबावड्यात जिल्ह्यातला सगळ्यात जास्त पाऊस पडतो. त्या बाजूला किंवा घाटाखाली कोकणात वर्षानुवर्षं उभी राहिलेली गाडी वरून रंगवलेली असते आणि खालून खाल्लेली. म्हणून गाडी कुठे राहिली, हा प्रश्न मी किती किलोमीटर चालली याच्या आधी विचारायचो.

लिफ्टवर किंवा खड्ड्यावर गाडी घ्यायची आणि छोटी हातोडी घेऊन खाली जायचं. चांगल्या पत्र्यावर टणक आवाज येतो, कुजलेल्यावर भद्द येतो. ठोकायच्या जागा म्हणजे मागच्या पाट्यांचे (स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्यांचे) शॅकल म्हणजे झुलते जोड जिथे चासीला बसतात तो भाग, मागचा क्रॉस मेंबर, बॉडीच्या रबरी माउंटिंगखालची कानं आणि स्टेअरिंग बॉक्स जिथे बोल्टने धरलाय ती जागा. ताजा काळा अंडरकोट दिसला तर संशय घ्यायचा. स्क्रू ड्रायव्हरने कोपरा खरवडून बघायची परवानगी मालकाने नाकारली तर सौदा तिथेच थांबवायचा. आतून पायाखालची मॅट उचलून जमीन दाबून बघायची. जमिनीचा पत्रा गेला असेल तर तो बदलता येतो, तेवढ्यासाठी गाडी सोडायची गरज नाही.

चासीनंतर पाटे. जिप्सीला चारही बाजूंना पाटेच आहेत. ओझं वाहायला म्हणून पुष्कळांनी वाढीव पाटा टाकलेला असतो. रस्त्यावर त्याने फक्त धक्के बसतात, पण कच्च्या वाटेवर खरं नुकसान होतं. पाटा कडक झाला की चाक खड्ड्यात खाली जात नाही, हवेत लटकतं. लॉक नसलेलं डिफरेन्शियल सगळी ताकद त्या लटकत्या चाकाकडे देतं, ते गरगर फिरतं आणि जमिनीवरचं चाक गप्प बसतं. म्हणून वाढीव पाटा काढून टाकायचा, बुश आणि सेंटर बोल्ट नवे घालायचे. पाटे बसले असतील तर मूळ संख्येतच कमान भरून घ्यायची.

पुढच्या चाकांना किंगपिनचे, म्हणजे चाक ज्या खिळीवर डावी-उजवीकडे वळतं तिचे, बेअरिंग असतात. चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवायचं. खेळ जाणवला तर हब बेअरिंग किंवा किंगपिन गेलंय. यामुळेच साठ-सत्तरच्या वेगात खड्डा लागला की स्टेअरिंग थरथरायला लागतं. पुष्कळ लोक त्यासाठी स्टेअरिंग डँपर बसवून घेतात. तो थरथर झाकतो, कारण तसंच राहतं. नकल म्हणजे पुढच्या एक्सलच्या टोकाच्या गोल भागातून ग्रीस आणि तेल मिसळून ओघळत असेल तर आतलं ऑइल सील गेलंय.

मग फोर व्हील ड्राइव्ह. ही तपासणी डांबरावर करायची नाही. जिप्सीत पुढच्या-मागच्या शाफ्टमध्ये डिफरेन्शियल नाही, त्यामुळे डांबरावर वळताना चाकं एकमेकांना ओढतात आणि ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीवर, ताण येतो. सैल माळ किंवा मालकाला विचारून दगडखाणीतली मोकळी जागा घ्यायची. मसाई पठारासारख्या सड्यावर चाक घालू नका. तिथल्या पातळ मातीतली रोपं एका फेरीने जातात, आणि तो भाग संवर्धन राखीव आहे. पुढे फ्री व्हील हब (पुढची चाकं एक्सलला जोडणारे-सोडवणारे खटके) असतील तर दोन्ही "लॉक" करून बघायचे, फिरले नाहीत तर आत गंज आहे. एक चाक उचलून हब "फ्री" असताना हाताने फिरवलं तर एक्सल शाफ्ट फिरता कामा नये, "लॉक"मध्ये फिरायला हवा. नंतर गाडी पूर्ण थांबवून लो रेंज (कमी वेग, जास्त ताकद) टाकायची, पहिल्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर न देता चढ चढवायचा आणि त्याच उताराने ब्रेक न दाबता उतरवायचा. गिअर सुटून न्यूट्रलला आला तर ट्रान्सफर केस उघडावी लागणार, तेवढे पैसे किमतीतून कापून मागायचे.

गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरेन्शियल, चारही ठिकाणच्या तेलाचे दोन-दोन थेंब बोटावर घ्यायचे. दुधासारखं पांढरट तेल म्हणजे गाडी ओढ्यात बुडाली आणि श्वासनळीतून (आतली हवा बाहेर जाण्याच्या छोट्या नळीतून, ब्रीदरमधून) पाणी आत ओढलं गेलं. गरम हाऊसिंग थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि सील चांगलं असलं तरी पाणी शिरतं. गाडी घेतल्यावर या श्वासनळ्या लांब रबरी नळी लावून इंजिनाच्या खोलीत उंचावर न्यायच्या. खर्च किरकोळ, फायदा मोठा. इंजिनाचा डिस्ट्रिब्युटरही पाणी उडालं की गाडी बंद पाडतो. पंख्याकडून येणारा फवारा अडवायला त्यावर रबरी आच्छादन लागतं.

टायरचा मूळ आकार २०५/७० आर १५. मी तोच आकार ऑल टेरेन नक्षीत ठेवला. मड टेरेन चिखलात सरस, पण घाटातल्या ओल्या डांबरावर ब्रेक दाबला की सरकतो, आणि आपला निम्म्याहून जास्त प्रवास डांबरावरच असतो. कच्च्यात हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवली की पकड कळण्याइतकी वाढते. १५ च्या खाली वळणावर टायर रिममधून सुटायची भीती. परत डांबरावर यायच्या आधी हवा भरायला १२ व्होल्टचा पंप हवाच. जांभ्या दगडाच्या कडा टायरची बाजू कापतात, आणि बाजू कापली की पंक्चरची पट्टी चालत नाही. म्हणून स्टेपनी पूर्ण चांगली ठेवायची. उसाच्या हंगामात ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या एवढ्या खोल असतात की दोन्ही चाकं आत घातली तर मधला उंचवटा डिफरेन्शियलच्या गोळ्याला घासतो. एक चाक चाकोरीच्या बाहेर ठेवून हळू जायचं.

रुतलेली गाडी ओढायला पट्टा आठ-नऊ मीटरचा, तो अडकवायच्या कड्या म्हणजे शॅकल दोन, फावडं एक. पट्टा चासीच्या हुकालाच, बंपरला कधीच नाही. ओढताना माणसं पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट तरी लांब. पुढे लोखंडी क्रॅश गार्ड लावू नका, २०१७ पासून त्यावर बंदी आहे. जुन्या गाडीला असेल तर काढूनच पासिंगला न्यायची.

पेट्रोलची टाकी चाळीस लिटरची. लो रेंजमध्ये मायलेज निम्म्यावर येतं, म्हणून राधानगरी सोडायच्या आधी टाकी भरायची. पावसाळ्यात अभयारण्य बंद असतं आणि बाकी हंगामात खासगी गाडी आत सोडतात का, हे आधी वनखात्याला विचारून निघायचं.

कागदांत वेळ जातो. पंधरा वर्षं झालेल्या गाडीची नोंदणी नूतनीकृत आहे का, हरित कर भरलाय का, हे आरसीवर आणि पावत्यांवर बघायचं. चासी नंबर चासीवरच कोरलेला असतो. गंज पुसून, कागद ठेवून वर पेन्सिल घासायची आणि आरसीशी अक्षर-अक्षर ताडून बघायचं. नंबर ग्राइंडरने घासल्यासारखा दिसला तर ती गाडी घेऊ नये. लष्कराच्या लिलावातली असेल तर सुटकेची आणि विक्रीची मूळ पत्रं हवीत, झेरॉक्स चालत नाही. बेळगाव, चिकोडी किंवा गोव्याच्या पासिंगच्या गाड्या आपल्याकडे स्वस्त दिसतात. त्यांना फॉर्म २८ ची एनओसी आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स लागतो, तो धरूनच किंमत बोलायची. कोल्हापूरच्या एमएच-०९ पासिंगची असेल तर फॉर्म २९ च्या दोन प्रती, फॉर्म ३०, चालू विमा आणि पीयूसी. कर्ज असेल तर बँकेच्या सहीचा फॉर्म ३५. विकणाऱ्याने गाडी विकल्याची सूचना चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने नाव बदलण्याचा अर्ज तीस दिवसांत आरटीओत द्यायचा, आणि विम्यावर चौदा दिवसांत नाव बदलून घ्यायचं.