एक फोटो डिलीट केला त्याची गोष्ट

आयर्लंडमध्ये गॉलवेला सॉल्टहिलच्या किनाऱ्यावर ब्लॅकरॉक नावाचा एक पिवळा मनोरा आहे, समुद्रात उड्या मारण्यासाठी. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड, त्यामुळे ऑफिस सुटल्यावर कॅमेरा घेऊन मी तिथेच. त्या दिवशी पोरं धडाधड उड्या मारत होती. एकाचे पाय हवेत, मागे ढगांतून फुटलेलं ऊन, खाली काळं पाणी. जमला! तेवढ्यात एक बाई आली. "सॉरी हं, तुमच्या फोटोत माझा मुलगा आलाय. काढून टाकाल का, प्लीज?" आवाज अगदी मऊ. मी तिच्यासमोरच डिलीट केला. ती तीनदा थँक्यू म्हणाली आणि ते तीन थँक्यू मला झोपेपर्यंत टोचत राहिले.

सार्वजनिक जागी फोटो काढायला इथे कायद्याची आडकाठी नाही. तिला हे सांगता आलं असतं. सांगितलं नाही ते बरंच झालं, पण मनातल्या मनात मी तिला आठवडाभर सांगत होतो, दर वेळी आणखी चांगल्या इंग्रजीत. हर्णै बंदरावर कॅमेरा बाहेर काढला की पोरं "काका, माझा एक!" म्हणून अंगावर येतात. त्यांच्या आया मासळीच्या पाट्या उचलता उचलता हसतात. तिथला काका इथे आला की लांब लेन्सवाला, एकटा, सावळा पुरुष होतो. रंगामुळे बोलली का? खरं सांगायचं तर तसं वाटलं नाही. एखादा लालबुंद आयरिश माणूस असता तरी बोलली असती. फक्त त्याला रात्री हा प्रश्न पडला नसता.

मग मी रुसून माणसंच सोडून दिली. मेंढ्या, भिंती, टपालपेट्या. हसू नका, टपालपेट्यांवर माझे दोन रविवार गेलेत. इथल्या पेट्या हिरव्या. पण जुन्या पेटीजवळ जाऊन पाहिलं तर रंगाखाली ब्रिटिश राजाराणीची अक्षरं ठसठशीत उठून दिसतात. 1922 मध्ये स्वतःचं राज्य आल्यावर यांनी पेट्या उपटल्या नाहीत, लाल होत्या त्यांना हिरवा रंग फासला आणि पत्रं टाकत राहिले. मला सापडलेली एक पेटी सातव्या एडवर्डच्या नावाची. म्हणजे आपल्या काळ्या घोड्यावरचा स्वार! त्याला आपण 1965 मध्ये घोड्यासकट उचलून भायखळ्याला राणीच्या बागेत नेऊन ठेवलं, आणि चौकाचं नाव मात्र काळा घोडाच राहिलं. आयरिश लोक भारी की आपण, यावर बायकोशी वाद झाला. मी आपल्या बाजूने होतो. रंगाचा डबा स्वस्त पडतो, हे तिचं म्हणणं मला अजून खोडता आलेलं नाही.

भिंतींचं म्हणाल तर गॉलवेच्या पश्चिमेला, कॉनेमारा भागात दगडावर दगड, मध्ये चुना नाही की सिमेंट नाही. फटींतून पलीकडचं आभाळ दिसतं, वाराही आरपार जातो, म्हणून भिंत टिकते म्हणे. आपल्याकडचे गडगे आठवले आणि पोटात कालवलं. पण गडग्यावरून पलीकडे उतरायला आपण कुणाला विचारतो? इथे शेतात पाय टाकायचा तर मालकाची परवानगी लागते. अर्धं सौंदर्य फाटकाबाहेरूनच टिपायचं. चीड येते, खरंच येते. (आमच्या काजूच्या बागेत फोटोवाले शिरले की आबा काय बोलायचे, ते इथे लिहिता येणार नाही.)

त्याच भागात, जिथे रस्त्यावर 'स्लो'ऐवजी आयरिशमध्ये 'गो मॉल' रंगवलेलं असतं, एका छोट्या धक्क्यावर एक आजोबा आपल्या करखला डांबर फासत होते. करख म्हणजे तिथली काळी, हलकी होडी. लाकडी कामट्यांवर कापड ताणून बनवतात. मी विचारलं. हल्ली विचारतोच. त्यांनी ब्रश ठेवला, टोपी काढली, बोटांनी केस सारखे केले, टोपी परत घातली आणि ताठ उभे राहिले. आमचे आबा रेशनकार्डाच्या फोटोला उभे राहायचे, अगदी तसे. "प्रिंट देणार ना?" म्हणाले.

हर्णैच्या पोरांचे किती फोटो माझ्याकडे असतील, पाचशे? आजवर एकालाही प्रिंट दिलेली नाही.

तीन आठवड्यांनी प्रिंट घेऊन गेलो. पाऊस होताच. आजोबांनी हात पँटला पुसले, फोटो लांब धरला, जवळ धरला. मला वाटलं, गहिवरले.

"होडीचं नाक कापलंस की रे," ते म्हणाले.