पळून गेलेल्यांची पाटी

माझ्या नोकरीचं नाव भारदस्त आहे, काम मात्र पाट्या लिहिण्याचं. अमेरिकेतल्या एका लहानशा वैद्यकीय संग्रहालयात काचेमागे ज्या वस्तू मांडतात, त्यांच्या खालचा मजकूर मी लिहिते. एका पाटीला ४५ शब्द. त्याहून जास्त झाले की लोक पुढे सरकतात, असं आमच्या बाई म्हणतात, आणि त्यांचं सहसा बरोबर असतं.

त्या मंगळवारी पीतज्वराच्या, म्हणजे यलो फीवरच्या, प्रदर्शनाचे सगळे फलक चार वाजता छापखान्यात जायचे होते. पाच तयार होते, चौथा अडला होता. त्याचं शीर्षक होतं 'स्वयंसेवक'.

विषय हवानाजवळच्या कॅम्प लाझिअरचा. १९०० साली अमेरिकी लष्कराने वॉल्टर रीड, जेम्स कॅरोल, जेसी लाझिअर आणि अरिस्तिदेस अग्रामोंते या चार डॉक्टरांचं मंडळ क्यूबात नेमलं. पीतज्वर डासामुळे पसरतो हे हवानाच्या कार्लोस फिन्ले या डॉक्टरने १८८१ मध्येच सांगून ठेवलं होतं. १९ वर्षं कुणी फारसं मनावर घेतलं नाही. शेवटी प्रयोगासाठी डासांची अंडीही फिन्लेकडूनच आली. कॅरोलने स्वतःला डास चाववून घेतला, मरता मरता वाचला. लाझिअर २५ सप्टेंबरला गेला, वय ३४. धाकटी मुलगी जन्मली होती, ती त्याने पाहिलीच नाही. त्याला चुकून डास चावला अशी अधिकृत नोंद आहे. ती पुष्कळ अभ्यासकांना पटत नाही, मलाही नाही. डास पाळणारा माणूस अंगावर बसलेला डास ओळखत नाही होय?

त्याच्या मृत्यूनंतर रीडने मोकळ्या माळावर नवा तळ उभारला आणि त्याला लाझिअरचं नाव दिलं. दोन लाकडी घरं बांधली. पहिल्यात डास शिरणार नाही अशी सोय, आणि आत पीतज्वराच्या रोग्यांच्या चादरी, उश्या, कपडे. ओकारी, मलमूत्र, सगळं लागलेलं. डॉ. कुक आणि दोन शिपाई त्या कपड्यांत २० रात्री झोपले. पहिल्या रात्री पेट्या उघडल्यावर तिघेही बाहेर धावले, मग परत आत गेले. एकालाही ताप आला नाही. दुसऱ्या घरात सगळं स्वच्छ, मधोमध जाळीची भिंत. जाळीच्या एका बाजूला डास आणि माणूस, दुसऱ्या बाजूला नुसती माणसं. जॉन मोरन २१ डिसेंबरला डासांच्या बाजूला जाऊन पडला आणि नाताळच्या दिवशी तापाने फणफणला. पलीकडचे ठणठणीत. हा भाग मला फार आवडतो, कारण यात वाद घालायला जागाच उरत नाही. एवढंच सांगायचं असतं तर चौथा फलक अर्ध्या तासात झाला असता.

बाईंना फलकावर रीडचं एखादं वाक्य हवं होतं. त्याने ३१ डिसेंबरच्या रात्री, नवं शतक लागायला दहा मिनिटं असताना बायकोला लिहिलेलं पत्र सगळेच वापरतात. माणसांचं दुःख हलकं करायला काहीतरी हातून घडावं ही २० वर्षांची प्रार्थना फळाला आली, असं त्यात आहे. म्हटलं, दुसरं काही शोधू. म्हणून १९०१ मधलं त्याचं एक भाषण उघडून बसले. अकरा वाजले असतील.

त्यात स्पॅनिश मजुरांचा उल्लेख आला. तळावर अमेरिकी शिपायांबरोबर क्यूबात नुकतेच उतरलेले काही स्पॅनिश मजूरही होते. डास काय, जेवणाच्या टेबलावर घोंघावणाऱ्या माश्यांसारखेच, अशी ते थट्टा करायचे. मग आठवड्याभरात एकामागून एक माणसं तापाने आडवी झाली. त्यानंतर, रीड सांगतो, आमच्या या भल्या स्पॅनिश मित्रांपैकी काहींचा विज्ञानाच्या प्रगतीतला रस एकाएकी संपला. स्वतःच्या फायद्याचाही विसर पडून त्यांनी कॅम्प लाझिअरशी असलेला संबंध तडकाफडकी तोडला. सभागृहात हशा पिकला असणार. पण पुढच्याच वाक्यात तो म्हणतो, ते गेल्याचं वाईट वाटलं तरी आमच्या ताब्याबाहेर जाण्यात त्यांनी अगदी योग्य अक्कल वापरली, असंच मला वाटलं.

मी ते वाक्य चारदा वाचलं. प्रयोग करणारा स्वतःच म्हणतोय, पळाले ते शहाणे.

मग ही माणसं तळावर आली कशी, ते पाहायला अग्रामोंतेच्या १९१५ मधल्या आठवणी काढल्या. भरती त्याच्याकडे होती. तो बंदरापलीकडच्या स्थलांतरितांच्या ठाण्यावर जायचा आणि रोजंदारीवर माणसं घेऊन यायचा. काम काय? माळावरचे सुटे दगड वेचायचे. घाई नाही, सावलीत भरपूर विश्रांती, पोटभर जेवण. दगडांशी कुणालाच कर्तव्य नव्हतं. आधीच कुठे रोगाची लागण झालेली नाही ना, हे कळण्यासाठी माणूस काही दिवस नजरेखाली हवा होता. मग गप्पांच्या ओघात विचारायचं: लग्न झालंय का, घरी कुणी अवलंबून आहे का. नसेल तर खरी गोष्ट काढायची.

दुपारचा डबा समोर तसाच राहिला. मी कराराची प्रत उघडली. इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्ही भाषांत, तारीख २६ नोव्हेंबर १९००. अंतोनियो बेनिग्नो, वय २५ च्या वर, गाव सेर्सेदा, बापाचं नाव मानुएल, आईचं होसेफा कास्त्रो. प्रयोगाला राहिल्याबद्दल १०० डॉलर अमेरिकी सोन्यात. ताप आला तर आणखी १००. मेला तर ते २०० डॉलर तो सांगेल त्या माणसाला. तळाची हद्द सोडली तर काही नाही. आणि मधे एक कलम आहे, त्यावर डोळे थांबतात: जिवाला धोका आहे हे मला नीट समजलं आहे, पण या बेटावर राहून हा रोग टाळणं तसंही अशक्य, म्हणून उत्तम देखभाल मिळेल अशा ठिकाणी तो जाणूनबुजून घेणं मी पसंत करतो.

लेखी संमतीच्या इतिहासात या कागदाचं नाव मानाने घेतात, आणि ते रास्तच आहे. त्या काळी माणसावर प्रयोग करताना त्याला विचारण्याची रीत नव्हती. रीडने अल्पवयीन नकोत म्हणून सांगितलं, स्पेनच्या वकिलातीला विश्वासात घेतलं, कागद माणसाच्या भाषेत केला. पण 'तसंही अशक्य' या शब्दांशी मी अडखळले. माझे अण्णा २६ वर्षं बोटीवर खलाशी होते. गुहागरहून मुंबईला यायचं, साहेबाच्या टेबलावरच्या इंग्रजी कागदावर सही करायची, की नऊ-दहा महिने दर्यात. कागदात काय होतं हे त्यांना कधी कुणी विचारलं नाही. न्यायला लागणारं पिवळं पुस्तक मात्र ते जीवापाड जपायचे. आफ्रिकेच्या बंदरांसाठी पीतज्वराची लस टोचल्याचा दाखला. तो नसेल तर परतताना सहा दिवस अलग ठेवतील ही धास्ती. आपल्याकडे हा रोग नाही, पण डेंग्यू पसरवणारा तोच एडिस डास घरोघर आहे, म्हणून विमानतळावर आणि बंदरावर आजही एवढी कडक तपासणी. अण्णांच्या त्या पुस्तकाचं मूळ या माळावरच्या दोन घरांत आहे, हे माझ्या डोक्यात इतक्या वर्षांत आलं नव्हतं. त्याची लाज वाटली थोडी.

अडीच वाजता बाईंकडे गेले. म्हटलं, चौथ्या फलकावर पळून गेलेल्यांची एक पाटी हवी.

"नावं आहेत?"

"नाहीत."

"फोटो?"

"नाही."

"किती जण होते?"

"'काही' एवढंच म्हटलंय."

बाईंनी चष्मा काढला. "हे स्मरणाचं प्रदर्शन आहे. ज्यांनी काही केलं नाही त्यांचं स्मरण कसं करायचं?"

प्रश्न चुकीचा नव्हता. १९२९ साली अमेरिकी काँग्रेसने या प्रयोगांतल्या माणसांना सुवर्णपदकं दिली, त्या यादीत ताप सोसलेला बेनिग्नोसुद्धा नाही. मोरन आणि किसिंजर या दोन स्वयंसेवकांनी पैसे नाकारले, म्हणून ते वीर. ज्यांनी घेतले ते भाडोत्री. मग जे पैसे सोडून पळाले ते कोण? मी बाईंना एवढंच म्हटलं, की त्यांना जाऊ दिलं, म्हणून तर बाकीच्यांच्या सहीला अर्थ आहे. नाहीतर तो तळ तुरुंगच. आणि पुढच्याच वर्षी हवानात दुसऱ्या डॉक्टरांच्या प्रयोगांत क्लारा मास ही २५ वर्षांची परिचारिका डास चावून मेली, तिच्या आधी दोघे गेले होते. तेव्हा लोक भडकले आणि माणसांवरचे ते प्रयोग बंद झाले. कॅम्प लाझिअरमध्ये कुणी मेलं नाही यात काळजी होती तसं नशीबही होतं. पळणाऱ्यांना हा हिशेब आधीच कळला होता.

बाई बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, "४५ शब्द. तीन वाजेपर्यंत."

साधारण असं लिहिलं: 'डिसेंबर १९००. सोबतचे आजारी पडू लागले तेव्हा काही स्पॅनिश मजूर तळ सोडून गेले. करारानुसार त्यांचा पैशांवरचा हक्क गेला. त्यांना कुणी अडवलं नाही. त्यांची नावं नोंदलेली नाहीत. त्यांनी योग्य अक्कल वापरली, असं रीडने पुढच्या वर्षी सांगितलं.'

बाईंनी शेवटच्या वाक्यावर पेन्सिल ठेवली. म्हटलं, ते माझं नाही, रीडचं आहे. त्यांनी भाषणाचं पान मागितलं, वाचलं, हसल्या आणि पेन्सिल उचलली. शीर्षकाकडे मात्र त्यांनी फार वेळ पाहिलं. 'स्वयंसेवक' खोडून 'तळावरची माणसं' केलं. ते मला सुचायला हवं होतं.

चारला पाच मिनिटं कमी असताना फाइल गेली. थंडगार पोळीभाजी खात बसले होते तर मांडणी करणाऱ्या मुलाचा फोन: किसिंजरचा फोटो आहे, मोरनचा आहे, बेनिग्नोची सही आहे, या चौथ्या पाटीशेजारची चौकट रिकामी आहे, तिथे काय टाकू?

म्हटलं, काही नको.

"मग चौकट काढू?"

"चौकट राहू दे."

पुढच्या आठवड्यात फलक भिंतीवर चढले. शिडीवरचा माणूस खाली उतरून यादी चाळत म्हणाला, इथला एक फोटो वाटेत पडलेला दिसतोय. मी यादी त्याच्या हातातून घेतली आणि त्या ओळीसमोर बरोबरची खूण केली.