तुम्ही विचारलंत म्हणून: रोज त्याच वाटेने जाऊन करतेस तरी काय?

सुट्टीला चोपड्यात आले की हा प्रश्न ठरलेला. रावेरचे मामा विचारतात, शाळेतल्या मैत्रिणी विचारतात, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी मावशीसुद्धा विचारतात: "तठे दिनभर काय करस वं तू?" मी सांगते, पहाटे उठून एका पायवाटेने जाते, रात्री पुन्हा त्याच वाटेने जाते. मग पुढचा प्रश्न येतोच. रोज तीच वाट, तीच झाडं, कंटाळा नाही येत? तोंडी उत्तर दोन वाक्यांत आटोपतं आणि मलाच ते अपुरं वाटत राहतं. म्हणून एकदा नीट लिहिते.

कर्नाटकातल्या मलनाडात, आगुंब्याच्या बाजूला, सदाहरित जंगलाला लागून एक लहानसा लॉज आहे. तिथे मी निवासी नॅचरलिस्ट आहे. पाहुणे दोन-तीन दिवस राहून जातात, मी मात्र उन्हाळा, पावसाळा, हिवाळा तिथेच असते. "म्हणजे गाईडच ना?" असं विचारतात. पाहुण्यांना जंगल दाखवणं हा कामाचा चारचौघांना दिसणारा भाग, तो खराच आहे. पण त्याच्या मागे जंगलाचा एकच तुकडा वर्षभर पुन्हा पुन्हा पाहत राहणं असतं. माझ्या लेखी मुख्य काम तेच. पाहुण्यांना जे काही चांगलं दाखवता येतं, ते त्यातूनच येतं.

मामांना हे मी केळीवरून सांगते. मृगबाग असो की कांदेबाग, म्हणजे केळीची लागवड कुठल्याही हंगामातली असो, मामा रोज सकाळी बागेतून एक चक्कर मारतात. लांबून पाहणाऱ्याला सगळी बाग सारखीच. मामांना चालता चालता कळतं, कोणतं झाड निसवलं म्हणजे त्याचं केळफूल बाहेर पडलं, कोणतं दोन दिवसांत निसवेल, कुठल्या ओळीत पानावर करपा दिसायला लागला. रोज बागेत जाऊन कंटाळा येत नाही का, असं त्यांना कुणी विचारत नाही.

तिथलं जंगल आपल्या सातपुड्यासारखं नाही, हे आधी सांगायला हवं. आपल्याकडे फाल्गुन-चैत्रात साग आणि सालई उघडे पडतात, टेकडीवर उभं राहिलं की समोरच्या उतारावरची हालचाल दिसते. तिथे असा पानगळीचा एक ऋतूच नाही. झाडं तीस-चाळीस मीटर उंच, माथे एकमेकांत मिसळलेले, खाली भर दुपारी सावली. पायवाट सोडली तर दहा पावलांपलीकडचं दिसत नाही. बरेचसे जीव डोक्यावर, पानांआड राहतात. नव्या पाहुण्याला पहिल्या दिवशी वाटतं, इथे काहीच नाही. वाघ बघायच्या आशेने आलेला माणूस तर संध्याकाळपर्यंत पार हिरमुसून जातो. त्या जंगलात आधी ऐकू येतं आणि मग, नशीब असेल तर, दिसतं. पहाटे अंधारातच ओढ्याकाठी शीळकरी कस्तुराची शीळ सुरू होते. राजधनेश येत असेल तर पक्षी दिसण्याआधी त्याच्या पंखांचा आवाज येतो, तोही चांगला लांबून. सातपुड्यात वाढलेल्या मला हे सगळं मुळापासून शिकावं लागलं.

पाऊसही तसाच. आगुंब्याला वर्षाला सरासरी 7,000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आपल्या जळगावला साधारण 700. आपला वर्षाचा पाऊस तिथे जुलैच्या दहा-बारा दिवसांत पडून जाऊ शकतो. रोज सकाळी साडेआठला मी पर्जन्यमापकातलं पाणी मोजते. हवामान खात्याची नोंदीची वेळ तीच, म्हणून आमचीही तीच.

त्याआधी वाटेवरची पहिली फेरी झालेली असते. पाहुणे उठायच्या आत मी एकटी जाऊन येते. रात्रीच्या वाऱ्याने मोडून अडकलेली फांदी डोक्यावर लटकत नाही ना, ओढ्याला पाणी किती चढलं, गव्याचा ताजा पो कुठे पडलाय, हे बघायचं. आणि खाली पडलेली फळं बघायची. कोणत्या झाडाची आहेत, पिकलेली की कच्ची, शेकरूने कुरतडून टाकलीत की नुसतीच गळालीत. वर माथ्यावर काय चाललंय हे खालून दिसत नसेल तर जमिनीवर वाचावं लागतं. आमच्या वाटेवरच्या काही झाडांना नंबर दिले आहेत. त्या प्रत्येकाची पालवी, फुलोरा, कच्चं फळ, पिकलं फळ, असं दर महिन्याला लिहून ठेवायचं. कंटाळवाणं वाटेल असं हेच काम मला सगळ्यात प्रिय आहे.

का, ते उंबरावरून सांगते, कारण उंबर आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं. लहानपणी पिकलं उंबर फोडून आत किडे बघितले नाहीत असा माणूस खान्देशात सापडायचा नाही. त्या किड्यांमध्ये एक इवलीशी गांधीलमाशी असते. उंबर, वड, पिंपळ आणि त्यांच्या सगळ्या भाऊबंदांची फुलं फळाच्या आत दडलेली असतात, त्यांचं परागीभवन या माश्याच करतात. साधारणपणे एकेका जातीच्या झाडाला आपापल्या जातीची माशी. माशीचं आयुष्य अगदी थोडक्या वेळाचं, म्हणून एका झाडातून निघालेल्या माशीला जवळपास त्याच जातीचं दुसरं झाड योग्य अवस्थेत मिळालंच पाहिजे. त्यामुळे ही झाडं एकाच हंगामात सगळी मिळून फळत नाहीत, कुठलं ना कुठलं झाड वर्षभर फळलेलं असतं. जंगलात बाकी काही पिकलेलं नसतं तेव्हा धनेश, हरियाल, वानरं, उदमांजरं यांची भिस्त यांच्यावरच असते. आता बघा, पाहुणा विचारतो, "धनेश दिसेल का?" माझ्या वहीत लिहिलेलं असतं की ओढ्यापलीकडच्या अमुक नंबरच्या झाडाला आठवड्यापूर्वी रंग चढायला लागला होता. मी त्याला तिथे नेऊन बसवते. पक्षी आले तर तो म्हणतो, नशीब चांगलं. असू दे. मला मात्र ठाऊक असतं की त्या नशिबाच्या मागे वहीतल्या महिन्यामहिन्याच्या ओळी आहेत.

धनेशाचा विषय निघालाच आहे तर मला ज्याची फार चाड आहे ते सांगते. राजधनेशाची मादी अंडी घालायच्या वेळी उंच झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचं तोंड आतून विष्ठेने लिंपून घेते. चोच जाईल एवढी फट राहते. पुढे कित्येक आठवडे ती आतच, आणि नर बाहेरून फळं आणून तिला आणि पिलाला भरवतो. खाली माणसं घोळका करून उभी असली तर नर ढोलीकडे यायला कचरतो. चोचीत फळं घेऊन लांबच्या फांदीवर थांबून राहतो, आणि तेवढा वेळ आतले दोन जीव उपाशी. म्हणून ढोलीची जागा मी कुणालाही सांगत नाही. मोठी लेन्स घेऊन लांबून आलेले लोक यावरून चिडतात, तक्रार करतात, जास्त पैसे देऊ करतात. मी बसून समजावते. बहुतेकांना पटतं, ज्यांना नाही पटत त्यांच्या रागाला इलाज नाही. दाखवणं हे काम आहे तसं न दाखवणं हेही कामच आहे, आणि यात मी तडजोड करत नाही. पक्ष्याचा आवाज मोबाईलवर वाजवून त्याला बोलावणं, घरट्यावर फ्लॅश मारणं, हेही आमच्याकडे बंद आहे.

जळवांबद्दल सगळेच विचारतात, थोडक्यात सांगते. हो, पावसाळ्यात खूप असतात. आपल्या तळ्यातल्या जळवांसारख्या पाण्यातल्या नव्हेत, या पानांवर, चिखलावर उभ्या राहून वाट बघतात. पावलांचा हादरा, अंगाची ऊब, श्वास यांवरून त्यांना माणूस कळतो. चावल्यावर रक्त वाहत राहतं कारण त्यांच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं. गुडघ्यापर्यंतचे घट्ट विणीचे मोजे घातले की झालं.

सापांचं मात्र थोडक्यात नाही सांगता येत. रात्रीच्या फेरीत पाहुण्यांना सगळ्यात जास्त ओढ मलबारी चापड्याची असते. हिरवा, तपकिरी, पिवळसर, एकाच जातीत कितीतरी रंग. तो भक्ष्याच्या मागे धावत नाही, कमरेएवढ्या उंचीवरच्या फांदीवर नाहीतर दगडावर दबा धरून बसतो आणि बरेचदा ओळीने कित्येक रात्री त्याच जागी सापडतो. काल कोण कुठे बसला होता हे माहीत असेल तर आज माणसांना त्या फांदीपासून हात लांब ठेवायला वेळेवर सांगता येतं. हे महत्त्वाचं आहे, कारण आपल्याकडचं सर्पदंशावरचं औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषापासून बनतं. चापड्यांवर किंवा नागराजावर ते विसंबण्यासारखं नाही. तेव्हा तिथे सावधगिरी हाच उपचार. बूट, टॉर्च, आणि कशालाही हात लावायचा नाही.

नागराज म्हणजे किंग कोब्रा, तिकडचे लोक त्याला काळिंग म्हणतात. 2024 मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की आजवर एकच मानलेल्या या सापाच्या प्रत्यक्षात चार जाती आहेत. पश्चिम घाटातल्या जातीला त्यांनी नाव दिलं ते याच स्थानिक नावावरून, ऑफिओफॅगस कालिंगा. तो खातो इतर साप. आणि त्याची मादी पालापाचोळा ओढून ढीग रचते, त्यात अंडी घालते, राखण करत बसते. असं पाचोळ्याचं घरटं करणारा साप जगात दुसरा माहीत नाही. उन्हाळ्याच्या अखेरीस वाटेजवळ असा ढीग दिसला की वाट बंद. वनखात्याला कळवायचं, पाहुण्यांना दुसरीकडून न्यायचं. सकाळच्या फेरीत ढीग नवा आहे हे लक्षात यायला कालची जमीन डोक्यात असावी लागते.

हे सगळं मी एकटीने शिकले नाही. लॉजच्या स्वयंपाकघरातल्या अक्का, बाग सांभाळणारे अण्णा, हे पावसाळ्यात जंगलातून उप्पगेची, म्हणजे कोकमाच्या भाऊबंदांतल्या एका झाडाची, आंबट फळं गोळा करून चुलीवर वाळवत मोठे झालेले लोक. कुठल्या झाडाला यंदा धर कमी आहे, हे ते माझ्या वहीआधी सांगतात. त्यांच्यासाठी मी कन्नड शिकले, आणि नोकरीतला माझा तो सगळ्यात चांगला निर्णय.

रात्री जेवणाआधी दिवसभरात दिसलेलं सगळं पाहुण्यांबरोबर वाचून काढतो आणि पक्ष्यांच्या नोंदी ई-बर्डवर, म्हणजे जगभरच्या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर, जातात. अशाच नोंदी जोडून 2023 मध्ये भारतातल्या 942 जातींच्या पक्ष्यांचा अहवाल निघाला, कोणते घटताहेत, कोणते टिकून आहेत. तिथे मी हट्टी आहे. नक्की ओळख पटली नसेल तर नाव लिहायचं नाही, पाहुणा कितीही खट्टू झाला तरी.

या हट्टामागे आपल्याच भागातली एक गोष्ट आहे, आणि ती आपल्याकडे फार कमी लोकांना ठाऊक असते. रानपिंगळा हा छोटा घुबडवर्गीय पक्षी. 1873 मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन झालं. 1880 च्या दशकात खान्देशात नोकरीला असलेल्या जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने इथल्या जंगलात त्याचे नमुने मिळवले. 1884 नंतर खात्रीची नोंदच नाही. मधे एक नमुना होता, 1914 चा, गुजरातेतल्या मांडवीचा म्हणून. रिचर्ड माइनर्ट्झहागन या बड्या पक्षीसंग्राहकाने तो दिला होता. पुढे पामेला रासमुसेन या अमेरिकन संशोधिकेने सिद्ध केलं की तो चोरलेला, पुन्हा शिवलेला, खोटी चिठ्ठी लावलेला जुनाच नमुना होता, डेव्हिडसनचा. एका खोट्या नोंदीने शोध भलतीकडेच नेला होता. ती चिठ्ठी बाजूला सारून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट जुन्या खऱ्या जागांकडे निघाले, आणि नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ त्यांना रानपिंगळा दिसला. 113 वर्षांनी. हा पक्षी दिवसाउजेडी हिंडतो, उघड्या फांदीवर बसतो. तोरणमाळच्या बाजूला आहे, यावल अभयारण्यातही आहे.

म्हणून मामा जेव्हा विचारतात, "मग हेच काम इकडे का नाही?", तेव्हा माझ्याकडे त्यांना पटेल असं उत्तर नसतं. पाल, लंगडा आंबा, तोरणमाळ या सातपुड्यातल्या ठिकाणी पाहुणे येतात, जेवतात, फोटो काढून जातात. तिथे पावरा, भिल्ल, तडवी घरांतली मुलंमुली पगारावर बारा महिने नेमली जावीत, त्यांच्या हातात वही असावी आणि त्या नोंदींना मान असावा, असं मला मनापासून वाटतं. वाट त्यांना आधीच ठाऊक आहे. मला मलनाडात जे शिकायला वर्षं लागली त्यातलं निम्मं त्यांना येतंच.

बारावीची मुलं विचारतात, यात यायचं तर काय करू? प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र शिकलात तर उपयोग होतो, प्रथमोपचार यायलाच हवेत, आणि जिथे जाल तिथली भाषा. पगार शहरातल्या नोकरीच्या मानाने कमी असतो, राहणं-जेवण मिळतं, दिवाळीला बहुतेक वेळा घरी येता येत नाही, कारण तेव्हाच पाहुणे जास्त. पण अर्ज करायच्या आधी घराजवळचं एक उंबर निवडा आणि वर्षभर दर रविवारी त्याच्याखाली अर्धा तास बसा. तारीख, वेळ, ऊन की ढग, फळ कच्चं की पिकलं, कोण आलं, काय खाल्लं, किती वेळ थांबलं, एवढं लिहा. कुणीच आलं नाही तर तेही लिहा, तारखेसकट. मुलाखतीला ती वही घेऊन या.